डंखाशेजारची कॉफी

लालबागच्या आमच्या मसाल्याच्या दुकानात कॉफी येण्याआधी कॉफी पिणाऱ्या माणसांविषयी माझी मतं पक्की होती, आणि त्यांतलं एकही मी स्वतः तपासून घेतलेलं नव्हतं. ती मला घरातून मिळाली होती, जशी उंची मिळते किंवा आवाज मिळतो.

लहानपणी आमच्या चाळीतल्या खोलीत कॉफी क्वचित व्हायची. कुणाचा ताप उतरला की जायफळ घालून, दुधाळ आणि गोड. नाहीतर 'मी चहा घेत नाही' असं म्हणणारा पाहुणा आला तर. हा दुसरा प्रकार आम्हा भावंडांना फार गमतीचा वाटे. चहा न घेणारा माणूस आपल्यातला नव्हे. तो दादरच्या पश्चिमेचा, हळू बोलणारा, बशीत न ओतता कपानेच पिणारा. तो असेपर्यंत वडील जरा ताठ बसत आणि तो गेला की बनियनवर येत. पुढे गिरण्यांच्या आवारांत काचेच्या भिंतींची कॉफीची दुकानं उघडली, तेव्हा त्या जुन्या पाहुण्याची जागा नव्या माणसांनी घेतली. रस्त्याने जाताना ती आत बसलेली दिसत, कुणी लॅपटॉप उघडून, कुणी जोडीने, तर कुणी नुसतंच बाहेर बघत. त्यांना आम्ही 'एका कपावर दुपार काढणारे' म्हणत असू. आम्ही म्हणजे मी आणि शेजारचा सुकामेव्याचा दुकानदार. काम असलेला माणूस चहा उभ्याने पितो आणि निघतो, अशी आमची श्रद्धा होती, आणि ती बोलून दाखवताना आम्ही दोघेही गल्ल्यावर बसलेले असू.

मुलीने हॉटेल व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं तेव्हा ती एखाद्या मोठ्या हॉटेलच्या कचेरीत बसेल असं मी मनाशी धरलं होतं. ती लोअर परळला अशाच एका काचेच्या कॉफीच्या दुकानात लागली आणि तिथे रमली. कोणती कॉफी कुठल्या डोंगरावरची, ती किती भाजायची, दूध किती तापवायचं, हे ती जेवताना सांगे. मी 'अच्छा' म्हणे. नातेवाइकांनी विचारलं तर 'हॉटेल लाइनमध्ये आहे' एवढंच सांगे. एकदा गावाहून आलेल्या चुलत्यांनी खोदून विचारलं, तेव्हा मी 'मॅनेजमेंटला' असं म्हणालो. मुलगी तिथेच पानं वाढत होती. तिने ऐकलं, आणि चुलत्यांच्या पानात आणखी एक भाकरी घातली. ते गेल्यावर बायको मला म्हणाली, "तुम्हाला नेमकी कसली लाज वाटते ते एकदा मोठ्याने बोलून बघा. तुमचं तुम्हालाच हसू येईल." मी बोलून बघितलं नाही.

आमचं दुकान रुंदीला बरं आहे. डाव्या बाजूला डंख आहेत, म्हणजे मसाला कांडणारी लोखंडी मुसळांची यंत्रं. उजव्या बाजूला पूर्वी पाकिटं भरण्याचं काम चाले. ते बंद झाल्यापासून ती बाजू रिकाम्या डब्यांनी अडलेली होती, आणि मागच्या गल्लीतला एक कुरिअरवाला ती भाड्याने मागत होता. मी त्याला होकार देण्याच्या बेतात असताना मुलीने ती जागा मागितली. नोकरी सोडून तिला तिथे स्वतःचं कॉफीचं दुकान काढायचं होतं.

"मला एक मसाल्याचा सीझन द्या, बाबा," ती म्हणाली. "पावसाळा लागेपर्यंत. नाही चाललं तर कुरिअरवाल्यांना देऊन टाका, मी परत नोकरी बघेन."

मी लगेच हो म्हणालो. बायकोला त्याचं आश्चर्य वाटलं, आणि मुलीच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी काही न करता पदरात पाडून घेतला. मी हो म्हणालो, कारण ते चालणार नाही याची मला खात्री होती. नकार दिला असता तर तिला माझ्याशी भांडता तरी आलं असतं. माझ्या होकाराने तिचा तो हक्कही गेला.

होळी उलटली की आमचा सीझन सुरू होतो. घरोघरच्या बायका मिरच्या उन्हात वाळवून, देठं काढून, पिशव्या भरून आणतात. नायगावच्या, प्रभादेवीच्या, वरळीच्या कोळीवाड्यातल्या. आधी मिरच्या आणि खडा मसाला मोठ्या कढईत भाजायचा, मग डंखावर कांडायचा. आणि आपला मसाला कांडून होईपर्यंत प्रत्येक बाई आपापल्या डंखाशी बसून राहते. आमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. मसाला म्हणजे वर्षाचं जेवण. त्यात दुसरीची चिमूटभर मिरची मिसळली तरी घरच्यांच्या जिभेला कळतं, अशी ठाम समजूत आहे. त्यामुळे बुटक्या स्टुलांवर बायकांची रांग बसलेली असते. सुनांपासून सुकटीपर्यंत सगळे विषय होतात, आणि डंखाच्या धडधडीवर आवाज चढवून बोलावं लागत असल्याने एकीचं गुपित दुसरीच्या घरी पोचायला उशीर लागत नाही.

मुलीने उजवी बाजू स्वच्छ करून घेतली. सेकंडहँड मशीन आणलं, लाकडी फळीचा काउंटर केला, चार उंच स्टुलं मांडली. पहिल्याच आठवड्यात तिच्या कॉफीला लवंगेचा आणि त्रिफळाचा वास येऊ लागला. कॉफीच्या बिया मी दाखवलेल्या फळीवर, खड्या मसाल्याच्या पोत्यांशेजारी ठेवल्या होत्या, आणि त्यांनी आसपासचा सगळा वास पिऊन घेतला होता. यात माझा काही डाव नव्हता. मला ते ठाऊकच नव्हतं. तिने तो माल हसत हसत घरी वापरायला काढला, आणि नव्या बिया घट्ट झाकणाच्या डब्यात भरून रोज घरून आणू लागली.

गिऱ्हाईक हळूहळू येऊ लागलं. आसपासच्या नव्या इमारतींतल्या कचेऱ्यांची माणसं, परळच्या इस्पितळांतली शिकाऊ डॉक्टर मंडळी. त्यांची येण्याची वेळ उन्हं कलतानाची. एक मुलगी मात्र दुपारपासूनच येऊन बसे. कानाला हेडफोन, पुढ्यात लॅपटॉप, एक कप, मग फार वेळाने दुसरा. माझी नजर गल्ल्यावरून तिच्यावर जाई, आणि ती दिसली की आपण फार कष्ट करतो आहोत असं मला उगाचच वाटू लागे. माझ्या मनातली 'एका कपावर दुपार काढणारी' ती हीच, असं मी शेजाऱ्याला खुणेने दाखवलंही होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी सावकाश सांगतो, कारण ते घडलंही सावकाश.

मिरच्या भाजू लागल्या की आमच्या दुकानात नवखा माणूस टिकत नाही. डोळ्यांना धार लागते, घशात ठसका बसतो. गल्लीतली माणसं त्याला सरावलेली आहेत. कढईवरचा माणूस तोंडाला पंचा बांधून उभा राहतो आणि बायका पदर नाकाला लावून गप्पा चालू ठेवतात. वडिलांच्या काळी भाजण्याचं काम सकाळी उरकत असे. पुढे बायका दुपारची जेवणं आवरून येऊ लागल्या, तसं ते उन्हं कलण्यावर सरकलं. मुलीचं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच येई. कढई तापली की तिची बहुतेक स्टुलं खोकत खोकत रिकामी होत. हे माझ्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच लक्षात आलं. कढईवरच्या माणसाच्याही आलं. त्याने विचारलं, "भाऊ, थोडं थांबू का? ताईकडे लोकं बसलीयत." मी म्हणालो, "आपलं काम आपल्या वेळेला." ते वाक्य मला त्या वेळी तत्त्वासारखं वाटलं. पुढे तर मी दिवसभराच्या मिरच्या राखून ठेवू लागलो आणि त्या सगळ्या एकदम त्याच वेळेला लावू लागलो. गॅस वाचतो, असं कारण मी कुणी न विचारताच सांगत असे.

मुलीने पंखा उलट बाजूला फिरवून बघितला, काचेचं दार बसवण्याची चौकशी केली. तिने मध्येच बियांचा व्यापारी बदलला, दूध बदललं, रोज घरी आम्हा दोघांना कप हातात देऊन विचारू लागली, "आजची कशी आहे? खरं सांगा." बायको चव घेऊन काहीतरी सांगे. मी 'चांगली आहे' म्हणून कप बाजूला ठेवत असे.

वैशाखातल्या एका दुपारी वरळीची एक कोळीण तिची वर्षाची मिरची घेऊन आली. ती दादरच्या बाजारात मासे विकते, आणि माझे वडील असल्यापासून आमच्याकडेच मसाला करते. मला ती 'दादा' म्हणते, पण त्या हाकेत मोठ्या भावाचा मान कमी आणि धाकट्याचा कान धरणं जास्त असतं. तिच्या मिरच्या कढईत पडल्या. मुलीच्या काउंटरशी त्या दिवशी कधी नव्हे ती सगळी स्टुलं भरलेली होती, शिवाय दोघे उभे होते. धूर उठला. पहिल्या ठसक्याला माणसं हसली, दुसऱ्याला उठली. काहींनी अर्धे कप तसेच ठेवले. एकाने जाता जाता हात जोडून मुलीची माफी मागितली, आणि ते मला फार लागलं. माफी त्याने कशाला मागावी?

मुलीने कप गोळा केले. मग माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या कुरिअरवाल्यांना फोन करून टाका. पावसाळ्यापर्यंत थांबण्यात काही अर्थ नाही."

माझं जिंकून झालं होतं. मला अपेक्षित असलेलं सगळं घडलं होतं, आणि मला कुठेही बरं वाटत नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात डंखाशेजारून कोळणीचा आवाज आला.

"दादा, पोरीला असा धूर घालतोस, ती काय मच्छर हाय?"

रांगेतल्या बायका हसल्या. कढईवरच्या माणसाने मान खाली घातली. मी उगाच वजनकाटा पुसू लागलो.

"हसू नका गं तुमी," ती बायकांना म्हणाली. मग मुलीकडे वळून, "आण तुझी ती कॉफी. कडू असते म्हंतात ना? माज्या मिरचीपुढं काय कडू."

मुलीने कॉफी करून दिली. कोळणीने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, साखर मागितली, पुन्हा मागितली, आणि मग स्टुलावर पाय जवळ घेऊन समाधानाने बसली. तेवढ्यात तिचं लक्ष काउंटरच्या टोकाला गेलं. लॅपटॉपवाली मुलगी उठलेली नव्हती. ओढणी नाकावर धरून ती काम करतच होती.

"तू गो? तू नाय पळालीस?"

"मला सवय आहे, मावशी," ती म्हणाली. "आमचा मसाला इथेच होतो ना." मग माझ्याकडे वळून, जरा संकोचून, "काका, तुम्ही मला ओळखलंच नाहीत. आईबरोबर यायचे मी. ती बाकीचा बाजार करायची आणि मला या डंखापाशी बसवून जायची, मिरच्यांवर लक्ष ठेवायला. तुम्ही मला चिवडा द्यायचात."

तिने नायगावच्या चाळीचं नाव सांगितलं आणि तिची आई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आखडत्या हाताने लवंग मोजून घेणारी, दरवर्षी न चुकता येणारी. मुलगी मात्र आठवेना. खरं सांगायचं तर चिवडाही आठवला नाही. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की चाळ पाडून नवी इमारत होते आहे, तोवर ते तात्पुरत्या खोलीत राहतात. वडील पोलिसात, रात्रपाळी करून दिवसा झोपतात. तिचं काम फोनवर बोलण्याचं. "घरी बोलले की ते जागे होतात. इथे डंखाच्या आवाजात कुणालाच माझा त्रास होत नाही, आणि या हेडफोनमुळे पलीकडच्याला डंखही ऐकू जात नाही," असं म्हणून ती हसली.

इतके दिवस ती माझ्यासमोर बसत होती. हातात पिशवी असती तर मी तिला पहिल्याच दिवशी ओळखलं असतं, तिच्या आईची चौकशी केली असती, स्टूल पुढे केलं असतं. तिच्या हातात कॉफीचा कप होता म्हणून मला तिचा चेहरा दिसला नाही. आणि ज्या बायकांच्या तासन्‌तास बसण्यावर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं, त्यांना एका जागी बसलेलं पाहून रिकामटेकडं म्हणण्याचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. बसणं तेच होतं. स्टूल तेवढं उंच झालं होतं.

मी कढईवरच्या माणसाला गॅस बंद करायला सांगितलं. यावर कोळीण उसळली. "माज्या मिरच्या अर्ध्यात काय ठेवतोस? पश्चात्ताप उद्यापासून कर." तिचंही बरोबर होतं. तिच्या मिरच्या पूर्ण भाजल्या, कांडल्या, आणि ती डबा डोक्यावर घेऊन गेली.

दुकान आवरताना मी मुलीपाशी गेलो. ती दुधाचं भांडं घासत होती. मी म्हणालो, "उद्यापासून भाजायचं काम सकाळी उरकू. तुझं गिऱ्हाईक यायच्या वेळेलाच मी कढई लावत होतो."

"वेळच तशी होती तुमची."

"नाही. मुद्दाम लावत होतो."

तिने नळ बंद केला नाही. भांडं स्वच्छ झालं होतं तरी ती ते पाण्याखाली फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला वाटत होतं माझी कॉफीच वाईट आहे."

माझी तिच्या रागाची तयारी होती, याची नव्हती. बदललेला व्यापारी, बदललेलं दूध, रोज घरी हातात आलेला तो कप, सगळं एकामागून एक मनात आलं. मी 'चुकलो' म्हणालो. भांडं पालथं घालून ती म्हणाली की सकाळी यायचं बायकांना मीच सांगायचं, ती सांगणार नाही. आणि कुरिअरवाल्याला फोन करायचा की नाही ते ती पावसाळा लागताना ठरवेल.

ते सांगणं सोपं गेलं नाही. एकेकीला फोन केला. सकाळी पाणी येतं, डबे असतात, देवाला फुलं घालायची असतात, हे सगळं मी ऐकून घेतलं. परळच्या एक जुन्या बाई रागावल्या आणि समोरच्या दुकानात गेल्या. त्या अजून आलेल्या नाहीत, आणि रस्त्यात भेटल्या की माझ्याकडे न बघता जातात. काहींनी मार्ग काढला. सकाळी मुलाच्या हाती मिरच्या पाठवायच्या, भाजून घ्यायच्या, आणि जेवण आटोपून कांडायला स्वतः यायचं. त्यामुळे दुपारी डंखाशी बायका, काउंटरशी कचेरीची माणसं, आणि मध्ये स्वच्छ हवा, असं दृश्य दिसू लागलं. एका बाईंनी कॉफी काढ्यासारखी लागते असा निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी काढा मागितला. एका शिकाऊ डॉक्टरने मालवणी मसाल्यात काय काय पडतं असं विचारलं, आणि डंखाशी बसलेल्या पाच बायकांनी पाच वेगळी उत्तरं देऊन आपसात भांडण लावून घेतलं. तो बिचारा कप हातात धरून न्यायाधीशासारखा उभा होता.

मीही रोज एक कप घेऊ लागलो. सुरुवातीला प्रायश्चित्त म्हणून, हे कबूल करतो. आता कधी जास्त भाजली गेली तर मला कळतं, आणि मी ते तिला सांगतो. ती माझ्याशी वाद घालते. तो वाद मला हवासा वाटतो, कारण होकार देऊन मी तिच्याकडून तोच काढून घेतला होता. तिने मला पूर्ण माफ केलं आहे का, हे मी विचारलेलं नाही. विचारणं म्हणजे माफी मागून घेणं होईल.

ढग जमू लागले तसा कुरिअरवाला स्वतःच आला. जाडसर, घामेजलेला, सभ्य माणूस, खांद्याला पिशवी. शेजारचा सुकामेव्याचा दुकानदारही तेव्हा माझ्यापाशी गप्पा मारत उभा होता. जागेचं काय ठरलं, असं कुरिअरवाल्याने विचारलं. मी मुलीकडे पाहिलं. ती काउंटरमागे उभी होती आणि तिने माझ्यासाठी काहीही सोपं केलं नाही. फक्त एकदा मान हलवली, नाही अशी.

डंख चालू होता म्हणून मी आवाज चढवला, आणि नेमका त्याच क्षणी कुणाचा तरी मसाला पुरा होऊन डंख थांबला. "ती जागा नाही देता येणार. तिथे माझ्या मुलीचं कॉफीचं दुकान आहे." हे वाक्य फुटपाथपर्यंत गेलं. बायका माझ्याकडे बघू लागल्या. शेजाऱ्याने भुवई उंचावली, आणि खिशातला एक बदाम तोंडात टाकला. बायको म्हणाली होती तसं हसू मात्र आलं नाही. डोळे पुसावे लागले, आणि मिरची तर सकाळीच भाजून झाली होती.

कुरिअरवाल्याने वाईट वाटून घेतलं नाही. त्याने पिशवी खाली ठेवली, पाय मोकळे केले, आणि त्या उंच स्टुलांकडे जरा बुजून पाहिलं.

"सकाळपासून जिने चढतोय," तो म्हणाला. "एक कप घेऊन थोडा वेळ बसलो तर चालतं ना इथे?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"बसा," मी म्हणालो, आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.